सान इग्नासिओ ते त्रिनिदाद: ग्वारानी मुलखातले जेझुइट अवशेष नीट कसे पाहावेत

अर्जेंटिना-ब्राझील सरहद्दीवरचा इग्वासूचा धबधबा पाहून झाला की परतीच्या वाटेवर "ते जेझुइट अवशेषही उरकून घेऊ" असं अनेकांचं ठरतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुणी भलत्याच देशातल्या सान इग्नासिओची बस पकडतं. कुणी पाराग्वेचा व्हिसा नाही म्हणून पुलावरून मागे फिरतं. कुणी पिवळ्या तापाची लस न घेता मुंबईला उतरतं आणि विलगीकरणात अडकतं. सगळं सुरळीत पार पडलेले लोकही चर्चच्या दारापुढे फोटो काढतात आणि पाऊण तासात बाहेर येतात.

ही शेवटची चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. इथे जे उरलं आहे ते जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारक पाद्रींनी, वसवलेलं एक अख्खं गाव आहे. हजारो ग्वारानी, म्हणजे इथली मूळनिवासी, माणसं इथे राहत होती, शेती करत होती, दगड कोरत होती, वाद्यं बनवत होती. चर्च हा त्या गावाचा एक कोपरा. गाव वाचायला दोन-अडीच तास आणि ठरावीक क्रम लागतो. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

## टप्पा १: नावं आणि नकाशा पक्का करा

जेझुइटांनी ग्वारानी लोकांसोबत वसवलेली एकूण ३० गावं होती. आजच्या सरहद्दींप्रमाणे त्यांतली १५ अर्जेंटिनात, ८ पाराग्वेत आणि ७ ब्राझीलमध्ये येतात. सगळी पाहण्याजोगी राहिलेली नाहीत. पहिल्या भेटीसाठी माझी निवड अशी: अर्जेंटिनातलं सान इग्नासिओ मिनी आणि लोरेतो, पाराग्वेतलं त्रिनिदाद आणि हेसूस. वेळ उरला तर सांता आना.

नावांमुळे होणारी फसगत नेहमीची आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी एवढं डोक्यात बसवा:

- सान इग्नासिओ मिनी अर्जेंटिनात आहे. सान इग्नासिओ ग्वासू पाराग्वेत आहे आणि तेही जेझुइटांचंच गाव. बोलिव्हियात सान इग्नासिओ दे वेलास्को आहे, ते तिसरंच.
- मिसिओनेस नावाचा प्रांत अर्जेंटिनात आहे आणि त्याच नावाचा विभाग पाराग्वेतही आहे. फक्त "मिसिओनेस" लिहून हॉटेल शोधलं तर दोन्हीकडची नावं समोर येतील.
- त्रिनिदाद असं नुसतं शोधलं तर कॅरिबियन बेट येतं, नाहीतर बोलिव्हियातलं शहर. पूर्ण नाव ला सांतीसिमा त्रिनिदाद दे पाराना. शोधताना सोबत "एन्कार्नासिओन" हे जवळच्या शहराचं नाव टाका.

ब्राझीलमधलं साओ मिगेल दास मिसोएस याच मालिकेतलं आहे आणि अप्रतिम आहे, पण ते रिओ ग्रांदे दो सुल राज्यात, सांतो आंजेलो शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. त्यासाठी वेगळा प्रवास आखा. याच फेरीत कोंबलंत तर बसमध्येच दिवस जातील.

तपासणी: बसच्या तिकिटावर फक्त "सान इग्नासिओ" छापलेलं असेल, तर खाली प्रांत आणि देश काय लिहिलाय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

## टप्पा २: कागदपत्रं

### व्हिसा

भारतीय पासपोर्टवर अर्जेंटिना आणि पाराग्वे हे दोन वेगळे देश, दोन वेगळे व्हिसे. अर्जेंटिनातल्या पोसादास शहरातून नदीपलीकडचं पाराग्वेतलं एन्कार्नासिओन डोळ्यांना दिसतं, म्हणून "दिवसभरासाठी कोण विचारतंय" असं वाटतं. विचारतात. पाराग्वेचा दूतावास दिल्लीत आहे, अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास मुंबईतही आहे. पाराग्वेचा व्हिसा निघायच्या कितीतरी आधी हातात हवा. पुलावर तो मिळेल या भरवशावर राहू नका.

वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना अर्जेंटिनाने सवलत दिली आहे. तिचे तपशील बदलत आले आहेत, त्यामुळे वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. विमानाचं तिकीट काढण्याआधी वाणिज्य दूतावासाचा ताजा नियम वाचा.

आता खरी मेख. पोसादासहून त्रिनिदादला जाऊन संध्याकाळी परत आलात, तरी कागदोपत्री तुम्ही अर्जेंटिना सोडून पुन्हा अर्जेंटिनात शिरलेले असता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीचं दार बंद. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि प्रवासाचा आराखडा जोडताना त्यात पाराग्वेचा दिवस स्पष्ट दाखवा.

नकाशावर आणखी एक मोह होतो: इग्वासू, सान इग्नासिओ, पोसादास, एन्कार्नासिओन, त्रिनिदाद, पाराग्वेतलंच सिउदाद देल एस्ते आणि परत इग्वासू. वर्तुळ छान जुळतं, पण सिउदाद देल एस्तेहून इग्वासूला येणारा नेहमीचा रस्ता ब्राझीलमधून जातो. म्हणजे तिसरा व्हिसा. तो नसेल तर आलात त्याच वाटेने परत जा.

### पिवळ्या तापाची लस

अर्जेंटिना, पाराग्वे आणि ब्राझील हे तिन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून भारतात येणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. क्रम असा ठेवा:

१. केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्राची वेळ घ्या. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही आणि केंद्रांवर ठरावीक वारीच देतात. निघण्याच्या महिनाभर आधी या कामाला लागा.

२. साठीपुढचे, गरोदर स्त्रिया, तान्ही बाळं, अंड्याची ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर हे पहिलं काम समजा.

३. लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, त्याआधी नाही. नंतर ते जन्मभर चालतं.

४. प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक केंद्रावरच ताडून पाहा.

अमेरिकेत राहणाऱ्यांची इथे गफलत होते. अमेरिकेत परतताना हे कार्ड कुणी मागत नाही, म्हणून लस राहून जाते. मग दक्षिण अमेरिकेतून आल्यावर दोन-तीन दिवसांत भारतात जायचं असतं आणि तिथे सहा दिवसांचा हिशोब पुढे येतो. शिवाय मिसिओनेस प्रांतात फिरणाऱ्यांना ही लस आरोग्यासाठीही सुचवली जाते. नियम बाजूला ठेवला तरी घ्या.

इशारा: मूळ प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत गेलं तर विमानतळावर दाखवायला काही उरत नाही. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

## टप्पा ३: ऋतू, मुक्काम आणि सामान

डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा. पारा ३५ अंशांच्या वर आणि हवा दमट. उघड्या चौकात दुपारी उभं राहवत नाही. मे ते सप्टेंबर सगळ्यांत सोयीचा काळ. रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा एक स्वेटर हवाच. जुलैत अर्जेंटिनातल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते आणि गर्दी वाढते. पाऊस वर्षभर कधीही येतो.

मुक्कामासाठी पोसादास सगळ्यांत उपयोगी. सान इग्नासिओ तिथून राष्ट्रीय महामार्ग १२ वर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि पाराग्वेचा पूल गावातच. इग्वासूहून एका दिवसात जाऊन यायचा बेत मी तरी कुणाला सुचवणार नाही. एका बाजूचं अंतर २४० किलोमीटरच्या आसपास, बसने चारेक तास. तासभर अवशेष आणि आठ तास बस, असा तो दिवस होतो. त्याऐवजी इग्वासूहून सामानासह निघा, सान इग्नासिओ गावात एक रात्र राहा, मग पोसादासला जा.

बसचं तिकीट काढताना ही गाडी सान इग्नासिओच्या बसस्थानकात शिरते की फाट्यावर सोडते, हे विचारा.

सामानात तळ चांगला पकड घेणारे बूट, टोपी, डासांचं मलम, अंगभर सुती कपडे आणि पाणी. मलम टाळू नका. डेंग्यू आहेच, शिवाय चिलटांएवढ्या चावऱ्या माश्या घोट्यांना लागतात आणि खाज दिवसेंदिवस जात नाही. माती कोकणातल्यासारखी लाल आहे, पांढरे कपडे घरी ठेवा. छोटी दुर्बीण किंवा झूम असलेला कॅमेरा त्रिनिदादला फार उपयोगी पडतो, त्याचं कारण पुढे येईल. रोख रक्कम दोन्ही देशांच्या चलनात थोडी थोडी जवळ असू द्या.

## टप्पा ४: सान इग्नासिओ मिनी

पोसादासहून निघालात की महामार्गावर आधी सांता आनाचा फाटा लागतो, मग लोरेतोचा, शेवटी सान इग्नासिओ. त्यामुळे लोक वाटेतलं आधी पाहतात. झाडीतले दगडांचे ढीग बघून कंटाळतात आणि सान इग्नासिओला पोहोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. क्रम उलटा करा. थेट सान इग्नासिओला या. तिथे झाडी काढलेली आहे, भिंती उभ्या आहेत, गावाचा आराखडा स्वच्छ दिसतो. तो एकदा डोळ्यांत बसला की लोरेतोच्या जंगलातला उंचवटा पाहूनही इथे घरांची ओळ होती हे कळतं.

तिकीट फेकू नका. अर्जेंटिनातलं तिकीट १५ दिवस चालतं आणि त्यावर सान इग्नासिओ, लोरेतो, सांता आना आणि सांता मारिया ला मायोर ही चारही ठिकाणं पाहता येतात. मार्गदर्शकासोबतच्या फेरीची वेळ खिडकीवरच विचारा. फेरी बहुधा स्पॅनिशमध्ये असते. भाषा येत नसली तरी सोबत चाला, कुठे थांबून काय दाखवतात तेवढं बघितलं तरी फायदा होतो.

वसईच्या किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे पोर्तुगीज शहराच्या तटबंदीत त्यांचं चर्च आणि कॉलेज होतं. इथे गावात जेझुइट सहसा दोनच असत, बाकी सगळी वस्ती ग्वारानींची. म्हणून फक्त चर्च पाहणं म्हणजे गावातली बहुतेक माणसं वगळून गाव पाहणं.

आत गेल्यावर या क्रमाने फिरा.

४.१ आधी प्रतिकृती. प्रवेशाजवळच्या संग्रहालयात गावाची छोटी प्रतिकृती आहे. तिच्यापुढे दहा मिनिटं द्या आणि वहीत कच्चा नकाशा काढा: मधोमध मोठा चौक, एका अंगाला चर्च, चर्चच्या एका बाजूला दफनभूमी, दुसऱ्या बाजूला पाद्रींचं निवासस्थान, शाळा आणि कार्यशाळा, मागे परसबाग, चौकाच्या उरलेल्या तीन बाजूंना घरांच्या रांगा. हाच आराखडा थोड्याफार फरकाने सगळ्या गावांत वापरला आहे. इथे शिकलात की पुढे चारही ठिकाणी कामाला येतो.

४.२ मग घरं. बहुतेक जण या रांगांमधून फोनकडे बघत चर्चकडे जातात. थांबा. एकेका कुटुंबाला एकेक खोली होती आणि रांगेला बाहेरून पडवी होती, म्हणजे पावसात न भिजता गावभर फिरता येई. जमिनीलगत पडवीच्या खांबांचे दगड शोधा. खोलीत उभं राहून तिची लांबी-रुंदी पावलांनी मोजा. लहान मुलं सोबत असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा, ती मन लावून करतात.

४.३ चौक. मधोमध उभं राहून चारही बाजू पाहा. मिरवणुका, सण, न्यायनिवाडा, सगळं इथेच चाले. गावाचा कारभार पाहणाऱ्या ग्वारानी पुढाऱ्यांचं सभागृह, काबिल्दो, हेही याच व्यवस्थेचा भाग होतं. आपल्या आराखड्यावर त्याची जागा शोधा.

४.४ आता चर्च. लांबी ७४ मीटर, रुंदी २४ मीटर. आराखडा इटालियन जेझुइट ब्रासानेल्ली याचा, कोरीवकाम ग्वारानी कारागिरांचं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आधी वीस पावलांवरून पाहा, मग जवळ जा. युरोपी धाटणीच्या खांबांमध्ये इथली पानं-फुलं घुसली आहेत, ती जवळून दिसतात. दगड लाल वालुकाश्म आहे आणि समोरून पडणाऱ्या कडक उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, तिरप्या उन्हात पाहा. सूर्य इथे दुपारी उत्तरेला असतो, त्यामुळे आपल्या सवयीने दिशा ठरवू नका.

इशारा: या भागात चुना दुर्मीळ होता. पुष्कळ बांधकाम मातीच्या गाऱ्यात दगड बसवून केलं आहे आणि छपराचा भार लाकडी खांबांवर होता. ते छप्पर, ते खांब आता नाहीत, भिंती नुसत्या उभ्या आहेत. ठिकठिकाणी लावलेले आधार शोभेचे नाहीत. भिंतीवर चढणं, टेकणं, मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढणं टाळा. कोरीवकामावरचं शेवाळ नखाने किंवा ओल्या रुमालाने काढू नका, त्यासोबत दगडाचा पापुद्रा निघतो.

४.५ निवासस्थान आणि कार्यशाळा. चर्चमधून बाजूच्या दाराने इकडे या. या दाराची कोरलेली चौकट समोरच्या दर्शनी भागाइतकीच देखणी आहे. स्वयंपाकघर, भोजनगृह आणि कार्यशाळांचं अंगण वहीतल्या नकाशावर ओळखा.

४.६ दफनभूमी आणि झाड. एका झाडाने दगडी खांब पूर्णपणे पोटात घेतला आहे. बुंध्याच्या फटीतून आतला दगड दिसतो. स्थानिक लोक त्याला दगडी हृदयाचं झाड म्हणतात. पाटी चुकवली तर शेजारून निघून जाल, मार्गदर्शकाला विचारा.

तपासणी: बाहेर पडण्याआधी वही उघडा. चर्च, दफनभूमी, निवासस्थान, परसबाग, घरं, चौक या सहा जागा बोट ठेवून दाखवता आल्या पाहिजेत. एखादी राहिली असेल तर मागे फिरा, तिकीट खिशात आहेच.

रात्री प्रकाश आणि ध्वनीचा खेळ असतो. त्याचं तिकीट वेगळं आणि पावसात तो रद्द होतो. तेवढ्यासाठीच गावात राहणार असाल तर संध्याकाळी हवामान बघून तिकीट काढा.

## टप्पा ५: परतीच्या वाटेवर लोरेतो, सांता आना

दोन्ही महामार्गापासून आत आहेत. सांता आना फाट्यापासून एखाद किलोमीटर, लोरेतो सुमारे तीन. बस फाट्यावर सोडते, पुढे चालावं लागतं. ज्येष्ठ सोबत असतील तर सान इग्नासिओहून टॅक्सी ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोला, कारण तिथे परतीचं वाहन सहज मिळत नाही. खायचं-प्यायचं सोबत न्या.

एकच जमणार असेल तर लोरेतो. इथे जंगल मुद्दाम पुरतं हटवलेलं नाही. मुळांनी भिंती धरून ठेवल्या आहेत आणि भिंतींनी मुळं. ग्वारानी भाषेचं व्याकरण आणि कोश लिहिणारे आंतोनियो रुइस दे मोन्तोया १६५२ मध्ये लिमाला वारले. ग्वारानी लोकांनी त्यांचे अवशेष तिथून लोरेतोला आणले. लिमा ते पाराना हे अंतर नकाशावर एकदा बघा, मग त्या जागेपुढे उभे राहा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच परिसरात छापखाना चालत होता.

पाऊस पडून गेला असेल तर लाल चिखलावर पाय सरकतो. पायवाट सोडून झाडीत शिरू नका. साप आहेत, आणि पानांखाली भिंतींचे सुटे दगडही.

## टप्पा ६: पूल ओलांडणं

पोसादास आणि एन्कार्नासिओन यांच्यामध्ये पाराना नदी आहे आणि तिच्यावर सान रोके गोन्सालेस पूल. त्यावरून बस जाते आणि छोटी रेल्वेही. सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून क्रम पाळा.

१. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळा. अर्जेंटिनाकर खरेदीला पलीकडे जातात आणि रांग तासांत मोजावी लागते. मधल्या वारी, सकाळी लवकर निघा.

२. बसमध्ये चढल्यावर तिकीट जपून ठेवा.

३. अर्जेंटिनाच्या चौकीवर सामानासह उतरा आणि बाहेर पडल्याचा शिक्का घ्या. स्थानिक प्रवाशांचं काम झटपट होतं, तुमचं होत नाही. बस थांबत नाही. घाबरायचं कारण नाही, त्याच कंपनीच्या पुढच्या बसला तेच तिकीट चालतं.

४. पलीकडे पाराग्वेच्या चौकीवर पुन्हा उतरा, प्रवेशाचा शिक्का घ्या. बस थांबल्याशिवाय पुढे जातेय असं वाटलं तर ड्रायव्हरला मोठ्याने "मिग्रासिओनेस" (इमिग्रेशन) म्हणा आणि उतरा.

५. चौकीतून हलण्याआधी पासपोर्ट उघडून शिक्का आणि तारीख स्वतः वाचा. शिक्का राहिला तर देश सोडताना दंड भरावा लागतो आणि तेव्हा समजावून सांगायला भाषा अपुरी पडते.

जुन्या मार्गदर्शिकांत दोन देशांत तासाचा फरक लिहिलेला सापडेल. ऑक्टोबर २०२४ पासून पाराग्वेने घड्याळ वर्षभरासाठी एकच केलं आहे आणि ते अर्जेंटिनाशी जुळतं.

## टप्पा ७: त्रिनिदाद आणि हेसूस

एन्कार्नासिओनच्या बसस्थानकावरून सिउदाद देल एस्तेकडे जाणाऱ्या गाड्या त्रिनिदादवरून जातात. अंतर साधारण ३० किलोमीटर. "त्रिनिदाद, लास रुइनास" असं आधीच सांगा, नाहीतर गाडी पुढे निघून जाते. महामार्गापासून प्रवेशद्वार थोडंसंच आत आहे. पाराग्वेचं तिकीट त्रिनिदाद, हेसूस आणि सान कोस्मे इ दामियान या तिन्हींना चालतं, पण मुदत फक्त ३ दिवसांची.

त्रिनिदादला चर्चच्या आत मान वर करा. भिंतीच्या वरच्या कडेला वाद्यं वाजवणाऱ्या देवदूतांची पट्टी फिरली आहे: वीणेसारखं हार्प, व्हायोलिन, ऑर्गन आणि चक्क इथला खुळखुळा, माराका. हे सगळं डोक्यावरून बरंच उंच आहे. खालून नुसत्या डोळ्यांनी नक्षीच दिसते, माणसं दिसत नाहीत. दुर्बीण त्यासाठीच. पट्टीच्या एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येक वाद्य ओळखत जा. हार्प आजही पाराग्वेचं राष्ट्रीय वाद्य आहे, हे मनात ठेवून पाहिलं की ते दगड जिवंत वाटतात. मिलानजवळचे प्रिमोली यांनी या चर्चचा आराखडा केला, साओ मिगेलचाही त्यांचाच. कोरलेलं दगडी व्यासपीठ आणि वेगळा उभा असलेला मनोरा चुकवू नका. बाकी गावासाठी तुमची वही काढा, चौक आणि पडव्या इथे फार स्पष्ट आहेत.

हेसूस तिथून १२ किलोमीटर. बस भरवशाची नाही. त्रिनिदादच्या फाट्यावरून टॅक्सी करा, जाणं-थांबणं-येणं असा एकच भाव ठरवा. इथलं चर्च पडलेलं नाही, ते पुरं झालंच नव्हतं. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं तेव्हा काम चालू होतं. तीन पाकळ्यांच्या कमानी आणि उघडं आकाश, एवढं तासाभरात शांतपणे पाहून होतं. उशीर करू नका, परतीला पुन्हा तोच पूल आहे.

सान कोस्मेला ब्वेनावेन्तुरा सुआरेस यांनी वेधशाळा चालवली आणि त्यांचं छायाघटिकायंत्र अजून उभं आहे. खगोलाची आवड असेल तर त्याला दुसरा दिवस द्या.

## शाकाहारी असाल तर

"सिन कार्ने" म्हटलं की गोमांस वगळतात, हॅम किंवा चिकन वगळतीलच असं नाही. तिन्हींची नावं घ्या: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन". एम्पानादा चीजची असली तरी पारीत जनावराची चरबी असू शकते, "कोन ग्रासा?" असं विचारा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्याच पिठाची चिपा, म्हणजे चीज घातलेला छोटा पाव, बसस्थानकांवर गरम मिळते. तीत अंडं असतं आणि काही ठिकाणी चरबीही. उकडलेला किंवा तळलेला मांदिओका (तोच कंद) आणि फळं हा सर्वांत निर्धोक पर्याय. सोपा पाराग्वाया हे नाव सूपचं असलं तरी ती मक्याची जाड वडी आहे, तिलाही चरबीचा प्रश्न लागू. कडक पथ्य पाळणाऱ्यांनी थेपले, चिवडा, शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी.

## वागणुकीबद्दल

सान इग्नासिओच्या दाराबाहेर म्ब्या ग्वारानी बाया-मुलं लाकडात कोरलेले प्राणी आणि टोपल्या विकतात. आत ज्यांचं कोरीवकाम पाहिलंत त्याच समाजाची ही माणसं. न विचारता त्यांचे फोटो काढू नका. घासाघीस करू नका, रक्कम तशीही छोटी असते. घेताना जग्वारची, मुंगीखाऊची किंवा आर्मादिलोची लाकडी मूर्ती घ्या. चोचीपासून किंवा पिसांपासून बनवलेलं काही घेऊ नका, विमानतळावर अडचण येते.

दगडाचा तुकडा, कौलाचा तुकडा, मूठभर मातीसुद्धा उचलायची नाही. सान इग्नासिओ, लोरेतो, सांता आना आणि सांता मारिया १९८४ पासून, त्रिनिदाद आणि हेसूस १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

## परतीच्या आदल्या रात्री

पासपोर्टातले सगळे शिक्के जोडीने लागलेत का पाहा: अर्जेंटिना बाहेर, पाराग्वे आत, पाराग्वे बाहेर, अर्जेंटिना आत. बुटांच्या तळव्यांत रुतलेली लाल माती धुऊन काढा, विमानतळावर मातीचे बूट पाहिले की प्रश्न विचारतात. पिवळ्या तापाचं कार्ड पासपोर्टच्या पानांत खोचून ठेवा. ताप, अंगदुखी किंवा पुरळ परतल्यावर दोन आठवड्यांत आलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही मिसिओनेस आणि पाराग्वेत फिरून आला आहात.